बाळाचं वेगळं पातेलं कशाला?

बाळाला सहावा महिना लागला की त्याच्या आईला सल्ले सुरू होतात. "सगळं घरचंच दे, डब्यातलं काही देऊ नकोस," असं एकीकडून. दुसरीकडे दुकानाच्या फळीवर डबे आणि पिशव्या मांडलेल्या. पुढे गुटगुटीत बाळाचं चित्र, मागे जीवनसत्त्वांची लांबलचक यादी, आणि एवढं सगळं तुमच्या स्वयंपाकघरातून बाळाला कसं मिळणार, ही न बोलता घातलेली भीती. डबा दिला तर आई आळशी, घरचं दिलं तर अडाणी. वडील या वादात कुठेच नसतात.

मी घरच्या अन्नाच्या बाजूने आहे आणि ते ठामपणे. पण घरचं अन्न म्हणजे बाळासाठी वेगळं पातेलं, वेगळा मिक्सर, वेगळ्या पाककृती आणि हे सगळं रोज करणारी एकच बाई, असा जो अर्थ रूढ झाला आहे तो मला मान्य नाही. घरात सगळ्यांसाठी जे शिजतं ते बाळालाही खाता येईल अशा बेताने शिजावं, त्यातूनच बाळाचा वाटा निघावा, आणि ते शांतपणे भरवायला लागणारा वेळ घराने, कामाच्या ठिकाणाने आणि सरकारने मिळून द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

तयार बालआहार का आला, हे आधी पाहायला हवं. १८६० च्या दशकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गव्हाचं पीठ, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि गाईचं दूध यांचं मिश्रण आईच्या दुधाला पर्याय म्हणून मांडलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आन्री नेस्ले यांनी दूध-पिठाची भुकटी विकायला काढली. पुढे १९२८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फ्रिमाँट या गावी गर्बर कुटुंबाच्या डबाबंदीच्या कारखान्यातून गाळलेल्या भाज्यांचे डबे बाहेर पडले. डोरोथी गर्बर आपल्या मुलीसाठी घरी रोज भाज्या गाळत बसायच्या आणि त्या कामाला कंटाळून त्यांनी नवऱ्याला हे कारखान्यात करून पाहायला सांगितलं, असं ती कंपनी स्वतःच सांगत आली आहे. त्या डब्यात भाजीबरोबर वेळही विकला जात होता. भाजी शिजवून, गाळून, वाटून, भांडी घासून संपलेल्या बाईला तो हवाच होता. म्हणून डबा घेणाऱ्या आईला दोष देणारं कुठलंही भाषण मला ऐकवत नाही. तिची अडचण खरी आहे. त्या अडचणीवर बाजाराने दिलेला तोडगा मात्र बाळाच्या फायद्याचा निघाला नाही.

एक कारण गोडाचं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने व्हिएन्ना, सोफिया, बुडापेस्ट आणि हैफा या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या सुमारे ८,००० बालआहार उत्पादनांची पाहणी प्रसिद्ध केली. चारपैकी तीन शहरांत निम्म्या किंवा त्याहून अधिक उत्पादनांतली ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा साखरेतून येत होती. ही साखर बहुतेक वेळा वरून घातलेली नसते, त्यामुळे 'साखर घातलेली नाही' हे वाक्य खरं ठरतं. नाव पालकाचं किंवा ब्रोकोलीचं असतं, पण घटकांची यादी वाचली की सफरचंद किंवा नाशपातीचा गर पहिल्या क्रमांकावर दिसतो. मूल ते आवडीने खातं, आई म्हणते याला पालक आवडतो, आणि पालकाची खरी चव त्याच्या जिभेला लागलेलीच नसते.

चवीची ओळख तर फार लवकर सुरू होते. चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बायकांनी गरोदरपणात आणि काहींनी स्तनपानाच्या काळात नेमाने गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं अन्न पहिल्यांदा तोंडात आलं तेव्हा नाक मुरडणं कमी केलं. म्हणजे घरात जे खाल्लं जातं त्याची वार्ता बाळाला गर्भजलातून आणि आईच्या दुधातून आधीच पोचलेली असते. ताटातलं पहिलं अन्न त्याच घरचं असलं की ती ओळख पुढे चालू राहते. कारखान्यातून आलेल्या, कुठल्याच घराच्या नसलेल्या एकाच चवीने ती तुटते.

दुसरं कारण मऊपणाचं, आणि इथे घरचा मिक्सरही तितकाच दोषी आहे. पिशवीच्या तोंडाला ओठ लावून चोखलेला गर बाळ बघत नाही, हुंगत नाही, चावत तर नाहीच. जीभ घास एका बाजूला सरकवते, हिरड्या तो दाबतात, नको असलेला तुकडा पुढे ढकलून बाहेर काढला जातो, हे सगळं शिकावं लागतं आणि शिकण्याचा काळ थोडा असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेणारा एक दीर्घ अभ्यास आहे. दहा महिने उलटून गेल्यावर पहिल्यांदा गुठळ्यांचं अन्न मिळालेल्या मुलांमध्ये पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त असल्याचं त्यात दिसलं. एका अभ्यासातल्या अशा संबंधावरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मुलं भरवणारा कुणीही माणूस हेच सांगेल. वर्षभर सगळं गंधासारखं वाटून दिलं की दीड वर्षाच्या मुलाला भाताचं शीतसुद्धा घशाशी अडखळतं.

आता घराकडे वळू, कारण 'घरचं' एवढ्या एका शब्दावर सगळं माफ करण्याची सवय मला घातक वाटते. घरी केलेलं अन्न निकृष्ट असू शकतं. जगभर बाळांच्या वाटीत सर्रास काय जातं? भाजी उकळलेलं पाणी, डाळीचं वरवरचं पाणी, मांस उकळून काढलेलं पाणी, पातळ पेज. पचायला हलकं म्हणून कौतुकाने दिलेलं हे पाणी बाळाचं पोट भरतं आणि त्याला उपाशी ठेवतं. हिशोब सोपा आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाला जेमतेम २४० ग्रॅम. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाव्यतिरिक्त सहा ते आठ महिन्यांच्या काळात रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि दुसऱ्या वर्षात ५५०. एवढ्याशा जागेत हे बसवायचं तर प्रत्येक चमचा घट्टसर हवा, त्यात तेल किंवा लोणी हवं. पाण्याला तिथे जागाच नाही.

लोहाची गोष्ट तर याहून गंभीर. बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण असतं अगदी थोडं. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मानकांप्रमाणे सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं आणि मोठ्या पुरुषाला ८. तळहाताएवढी वाटी जेवणाऱ्या जिवाला बापापेक्षा जास्त लोह हवं, हे एकदा लक्षात आलं की बटाटा, भात, केळं आणि सफरचंद एवढ्यावर बाळाचा आहार का उभा राहू शकत नाही ते कळतं. मांस, मासे, अंडी, डाळी आणि कडधान्यं वरचं अन्न सुरू झाल्याच्या अगदी पहिल्या महिन्यापासून हवीत. डाळी-कडधान्यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, त्यामुळे त्याच घासाबरोबर लिंबू, टोमॅटो, पेरू, संत्रं असं क जीवनसत्त्व असलेलं काही द्यावं, आणि जेवणाच्या जवळपास चहा मुळीच नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यातही प्राणिजन्य अन्न, फळं आणि भाज्या रोज द्या, डाळी, दाणे आणि बिया वरचेवर द्या, आणि पिष्टमय पदार्थांचा भर कमी करा असंच सांगितलं आहे.

मांस-मासे न खाणाऱ्या घरांत ही लोहाची गरज निव्वळ शिजवून भागवणं अवघड जातं. तिथे लोह मिसळलेलं तयार तृणधान्य किंवा डॉक्टरांनी सांगितलेले थेंब यांत कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. कारखान्याला जे खरंच चांगलं जमतं ते त्याच्याकडून घ्यावं. पूर, युद्ध, लांबचा प्रवास, घरात चूल पेटवण्याचीच मारामार, अशा वेळी बंद डबा बाळाचा जीव राखतो, हेही खरं.

अंड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरगुती अन्नाचे समर्थक एखादा अभ्यास हाती लागला की लगेच त्याची घोषणा करतात. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुंटलेल्या वाढीचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. हा निकाल २०१७ साली आला. मग मलावी या देशात तसाच प्रयोग झाला आणि तिथे उंचीत असा फरक दिसला नाही. अंडं चांगलंच आहे. पण गरिबी, दूषित पाणी, सततचे जुलाब यांतून वाढणाऱ्या मुलाची सुटका एकट्या अंड्याने होत नाही. 'हे एक द्या आणि बघा' अशा प्रत्येक सल्ल्याकडे मी याच नजरेने पाहतो.

'घरचं म्हणजे निर्धोक' हाही गैरसमज. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने तयार बालआहारात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम सापडल्याचा अहवाल दिला आणि घाबरलेले पालक घरच्या पातेल्याकडे धावले. पण हे धातू माती आणि पाण्यातून पिकात येतात. त्याच पिकाचं घरी केलेलं अन्न आपोआप शुद्ध होत नाही. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर आर्सेनिक बरंचसं निघून जातं. त्याहून मोठा उपाय म्हणजे रोज एकाच धान्यावर भिस्त न ठेवणं. मधाचंही तसंच. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको, कारण त्यातले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू एवढ्या लहान बाळाच्या आतड्यात वाढू शकतात आणि घरच्या आचेने ते मरत नाहीत. अख्खे दाणे, अख्खं द्राक्ष, कच्चं गाजर, लाह्या श्वासनलिकेत अडकतात. आणि सकाळी केलेलं दुपारपर्यंत ओट्यावर उघडं राहिलं की त्यात जंतू वाढतात. वरचं अन्न सुरू झाल्यावर मुलांचे जुलाब वाढतात त्याला दूषित पाणी आणि असं राहिलेलं अन्न, दोन्ही कारण असतात.

मग एकाच पातेल्यातून बाळाचा वाटा काढायचा तो कसा? समजा मसूर आणि गाजर एकत्र शिजतंय. गाजर दोन बोटांच्या चिमटीत दाबलं की चेपलं जातं, एवढं मऊ झालं की मीठ-तिखट घालायच्या आधी बाळासाठी दोन डाव बाजूला काढायचे. उरलेल्यात घरच्या सवयीप्रमाणे काय घालायचं ते घालावं. बाजूला काढलेलं वाटीत घेऊन त्यात आसट भात किंवा उकडलेला बटाटा, चमचाभर तेल किंवा लोणी, असला तर पूर्ण शिजलेल्या अंड्याचा तुकडा घालायचा आणि चमच्याच्या पाठीने कुस्करायचं. चमचा तिरका केल्यावर घास सावकाश घसरायला हवा. पाण्यासारखा ओघळला तर तो पातळ आहे, आणखी कुस्करलेला मसूर घाला. सातव्या महिन्यात बारीक कुस्करायचं, नवव्यात गुठळ्या तशाच ठेवायच्या आणि गाजराची मऊ काडी बाळाच्या मुठीत द्यायची, वर्षभराने सगळ्यांबरोबर बसवून तेच ताटलीत वाढायचं. यात वेगळी पाककृती नाही, वेगळं भांडं नाही, मिक्सर घासायचा नाही. बाळासाठी जास्तीचं काम एवढंच की मीठ उशिरा घालायचं आणि ते लक्षात ठेवायचं.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे आमचं जेवण बाळाला चालण्यासारखं नसतं, खारट असतं, तिखट असतं, तळलेलं असतं. मी म्हणेन, मग ते मोठ्यांनाही फारसं चालण्यासारखं नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मोठ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमची आहे आणि बहुतेक घरं ती ओलांडतात. बाळाच्या निमित्ताने पातेल्यातलं मीठ उशिरा आणि कमी पडायला लागलं तर आजोबांच्या रक्तदाबालाही ते मानवेल. घराचं जेवण सुधारावं लागेल, ही तक्रार म्हणून मांडली जाते. मला तो सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

सामाईक पातेल्याचा आणखी एक फायदा ॲलर्जीच्या बाबतीत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं आणि २००८ साली तो सल्ला मागे घेतला. २०१५ साली लंडनमधल्या लीप चाचणीचा निकाल आला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. तीव्र इसब असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवावं, आणि शेंगदाणा नेहमी वाटूनच, घासात कालवून द्यावा. पण घरात अंडं, दाणे, मासे शिजत असताना बाळापुरतं एक निर्जंतुक, बेचव जग उभं करण्याचा सल्ला आता मागे पडला आहे.

माझ्या म्हणण्याचा गाभा मात्र पोषणापेक्षा भरवण्यात आहे. बाळासाठी वेगळं, खास, तासभर खपून केलेलं अन्न बाळाने थुंकलं की काय होतं ते पाहा. करणाऱ्या माणसाचा जीव त्या वाटीत अडकलेला असतो. मग एक घास चिऊचा, एक काऊचा, मग मोबाईलवर गाणी, मग हात धरून, नाक दाबून. बाळाला भूक नव्हती, झोप आली होती, दात येत होता, यातलं काही ऐकलं जात नाही, कारण वाया जाणारी ती मेहनत डोळ्यांसमोर असते. सामाईक पातेल्यातला वाटा बाळाने नाकारला तर कुणाचं काही बिघडत नाही. वाटीत दोन डाव होते, पातेलं भरलेलं आहे, दोन तासांनी पुन्हा बघू. वेगळ्या पातेल्यातून जबरदस्ती जन्माला येते, असं मी म्हणतो ते यामुळे. आणि जबरदस्तीने भरवलेलं मूल सर्वांत आधी आपल्या भुकेवरचा विश्वास गमावतं.

बाळाला आपली भूक कळते यावर विश्वास ठेवायला कठीण जातं, हे मला समजतं. क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरबाईंनी १९२६ मध्ये सुरू केलेला प्रयोग इथे आठवतो. नुकतंच दूध सुटत असलेल्या बाळांसमोर दर जेवणाला निरनिराळ्या पदार्थांच्या वाट्या मांडल्या जात. सगळे मिळून पदार्थ ३४. परिचारिका चमचा हातात धरून गप्प बसायची, बाळाने बोट दाखवलं तरच तो पदार्थ द्यायचा, आग्रह नाही, कौतुक नाही, चेहऱ्यावर आठीही नाही. १९३९ साली त्यांनी १५ मुलांचा वृत्तान्त मांडला. मुलांचं एकेक जेवण चमत्कारिक दिसायचं, पण ती सगळी धडधाकट वाढली. मुडदूस घेऊन आलेल्या एका बाळापुढे कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलं होतं. ते बरं होईपर्यंत त्याने ते आपणहून घेतलं आणि मग सोडून दिलं. या प्रयोगाचा लोक अर्धाच भाग सांगतात, की मुलांना हवं ते खाऊ द्या. डेव्हिसबाईंनी स्वतः बजावलं होतं की खरी मेख त्या यादीत आहे. सगळे ३४ पदार्थ साधे, ताजे, मूळ रूपातले होते, साखर नाही, पांढरं पीठ नाही. काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते बाळाने. घराचं जेवण नीट झालं तर प्रत्येक घरात ही विभागणी जमू शकते.

नाकारलेलं अन्न पुन्हा पुन्हा समोर यावं लागतं, हेही याच धाग्यातलं. नवी चव स्वीकारायला मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती भेटावी लागते, आणि दुसऱ्या वर्षापासून तर नव्या पदार्थाची धास्तीच बसते. बाळासाठी मुद्दाम भोपळा आणणारी आई दोन नकारांनंतर भोपळा आणणं सोडते, यात तिचं काय चुकलं? घर स्वतः भोपळा खात असेल तर तो बाळाच्या समोर आपोआप येत राहतो, आणि मोठी माणसं तो आवडीने खाताना बाळ बघत राहतं.

आता वेळेकडे येतो. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करा, हा सल्ला सर्वत्र आहे. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने, क्रमांक १८३, प्रसूतीची किमान रजा ठरवली ती १४ आठवडे. काही देश याहून पुष्कळ जास्त देतात, काही तेवढीही देत नाहीत, आणि शेतात, बांधकामावर, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या असंख्य बायकांना रजा नावाची गोष्टच नसते. त्या करारात स्तनपानासाठी रोजच्या सुट्टीची तरतूद आहे, ते चांगलंच आहे. पण बाळ जेवायला लागल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यानंतर तीन-चार वेळा कुणीतरी त्याच्यासमोर निवांत बसलं पाहिजे, ही गरज कामाच्या ठिकाणच्या नियमांत कुठेच उमटलेली नाही. दूध फक्त आई देऊ शकते, म्हणून रजा आईची, हे एक वेळ समजू शकतं. चमचा बापाच्या हातात तितकाच नीट राहतो. सातव्या महिन्यापासूनची रजा वडिलांना, सक्तीची आणि भरपगारी मिळाली, तर बाळाचं जेवण हा बापाचाही विषय होईल. लसीकरणाच्या दिवशी आहाराची माहिती एकट्या आईच्या हाती देऊन दवाखान्याने आपलं काम संपलं असं समजू नये. घरात जो कोणी शिजवतो आणि भरवतो त्या सगळ्यांना बोलवावं.

आणि ज्या घरात पातेल्यातच काही नसतं? युनिसेफच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या पाच वर्षांखालच्या दर चार मुलांपैकी एक मूल, म्हणजे सुमारे १८ कोटी १० लाख मुलं, आठ अन्नगटांपैकी दोन किंवा त्याहून कमी गटांवर दिवस काढतात. या आईबापांना पाककृतीचं पुस्तक देणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना अंडी, डाळी, दूध परवडेल एवढं उत्पन्न किंवा ते पदार्थच थेट मिळाले पाहिजेत. सामाईक पातेल्याचा माझा आग्रह त्यांच्यासाठी तर जास्तच आहे. बाळाच्या नावाने दिलेलं पाकीट घरातल्या चार भुकेल्या तोंडांत वाटलं जाणारच, आणि ते वाटणाऱ्या आईला चूक म्हणण्याची माझी तयारी नाही. मदत सगळ्या घराला मिळाली तरच ती बाळापर्यंत पोचते.

बाजाराला वेसण घालण्याचे नियम नव्याने शोधायचे नाहीत. आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातींबाबत १९८१ साली आंतरराष्ट्रीय संहिता झाली. २०१६ साली जागतिक आरोग्य सभेने वरच्या अन्नाच्या अनुचित प्रचाराबाबत ठराव केला. त्यासोबतच्या मार्गदर्शनात सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी असं अन्न योग्य असल्याचं सुचवूच नये, असं स्पष्ट आहे. तरी वर सांगितलेल्या युरोपीय पाहणीत शहरागणिक २८ ते ६० टक्के उत्पादनं सहा महिन्यांच्या आतल्या बाळांनाही चालतील अशा लेबलाने विकली जात होती. सरकारांनी हा ठराव कायद्यात उतरवावा, आणि ज्या पिशवीत सफरचंद सर्वाधिक आहे तिच्या दर्शनी बाजूला सफरचंदाचंच नाव असावं.

राहिली पाळणाघरं, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. कारण आईबाप दोघंही कामावर असलेल्या घरातल्या बाळाची दिवसातली बहुतेक जेवणं तिथेच होतात. सजावट, खेळणी, भिंतीवरची चित्रं यांच्या आधी तिथे स्वयंपाकाची जागा आहे का, हात धुवायला पाणी आणि साबण आहे का, आणि एका माणसामागे भरवायची बाळं किती, हे तपासून मगच परवाना दिला जावा. एका बाईने सहा बाळांना अर्ध्या तासात जेवू घालायचं असेल तर ती गाजराची मऊ काडी कुणाच्याही मुठीत देऊ शकणार नाही, कारण ते बाळ घास कसा चावतंय हे बघायला तिला सवड नाही. ती सगळ्यांना पिशव्याच देणार, आणि त्याबद्दल तिला बोल लावण्याआधी तिच्या मदतीला आणखी एक माणूस नेमावा लागेल आणि त्याचा पगार द्यावा लागेल.